हृदयाचं हललेलं चित्र

मित्रांनो, मी रुग्णालयाच्या तळमजल्यावरचं एक जुनं एमआरआय यंत्र. लाज वाटली की लोक तोंड लपवतात. माझी पंचाईत अशी, की मी म्हणजे सगळं तोंडच.

मला आत आणायला भिंत पाडावी लागली. एवढा मान आमच्या मोठ्या डॉक्टरांनासुद्धा मिळालेला नाही. पहिली वर्षं गुडघे आणि मणके पाहण्यात गेली. मग मला हृदय बघायला शिकवलं. झटका येऊन गेला की हृदयाचा स्नायू किती मेला, किती जगला, हे माझ्या चित्रांत दिसतं. शिरेतून औषध देतात. थोड्या वेळाने मेलेला भाग पांढरा दिसतो, जिवंत काळा. फक्त चित्र निघेपर्यंत माणसाने श्वास रोखायचा. लोक माझी वाहवा करत आणि मी फुगत असे.

एके सकाळी बॉयलर दुरुस्त करण्यात हयात घालवलेले एक आजोबा आजींबरोबर आले. त्यांची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायची की नाही, हे माझ्यावर ठरणार होतं. माझ्याजवळ धातू चालत नाही, म्हणून तंत्रज्ञ ताईने त्यांचं श्रवणयंत्र काढून घेतलं आणि मग काचेपलीकडून त्याच कानांना सांगू लागली, "आजोबा, श्वास रोखा!" आजोबा निवांत श्वास घेत राहिले. त्यांचं पोट वरखाली होताना मला दिसत होतं. तरी मी ठोकाठोकी करत चित्रं काढली. चित्र हललं आणि पांढरं सगळीकडे सांडलं.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पुढची भिंत बरीचशी मेलेली दिसते. वाहिनी उघडून फारसा उपयोग नाही."

"मेलेली?" आजी उसळल्या. "मग काल तासभर माझ्याशी भांडले ते कशाच्या जोरावर? अहो, ही ताई सांगत होती तेव्हा श्वास धरलात ना?"

"कोण सांगत होतं? मी आपला छान पडून होतो."

"ऐकू येत नाही म्हणून सांगायचं तरी!"

"कान काढून घेतल्यावर ऐकू येत नाही, हे काय सांगायचं?"

ताईचा चेहरा उतरला. मॅडमनी अहवाल फाडला. दोन दिवसांनी पुन्हा तपासणी झाली. या वेळी आजी अंगावरचा सगळा धातू उतरवून आत उभ्या राहिल्या. ताईने काचेआडून हात वर केला, की त्या आजोबांच्या पायाचा अंगठा दाबत : श्वास बंद. सोडला, की सुरू.

"चाळीस वर्षं यांना गप्प करायचं बटण शोधत होते," आजी म्हणाल्या, "ते इथे निघालं!"

पांढरी निघाली ती फक्त एक बारीक किनार. बाकी भिंत काळीभोर, जिवंत. वाहिनी उघडायचं ठरलं.

ताईने माफी मागितली, मॅडमनी चूक कबूल केली. आजोबांनी मात्र माझी पाठ थोपटली. "गुणी आहे हो यंत्र!" ते शब्द मला शिवीसारखे लागले, आणि तरी मी ती शाबासकी ठेवून घेतली.

मित्रांनो, मला पुसा, थंड ठेवा, सगळं करा. पण 'मला नीट दिसलं नाही' हे वाक्य मला कुणी शिकवलेलं नाही. नीट ऐकू आलं का, नीट दिसलं का, हे तुम्हीच विचारत जा. माणसालाही आणि मलाही. नाहीतर मी आहेच, कुणाच्याही जित्याजागत्या काळजाला बेधडक पांढरं फासायला.