मी पिकत नाही, मी धरून बसलेय

तुमच्या जन्माआधी घडलेली आणि आजवर एकदाही न बदललेली वस्तू तुमच्या अंगात कुठे असते, ठाऊक आहे का? डोळ्याच्या भिंगात, अगदी गाभ्यात. तिथूनच मी बोलतेय. मी एक प्रथिन. शास्त्रज्ञ मला अल्फा क्रिस्टॅलिन म्हणतात.

आदिलाबाद जिल्ह्यात बोथजवळच्या एका खेड्यातल्या वच्छलाबाईच्या डाव्या डोळ्यात माझा मुक्काम आहे. ती आईच्या पोटात होती तेव्हाच मी तयार झाले. उजव्या डोळ्यात माझी बहीण होती.

प्रथिन म्हणजे सुतासारखी लांब दोरी. तिची नीट घडी पडली तरच ती कामाची. घडी चुकली की ती शेजारणीला चिकटते, दोघी तिसरीला, आणि गुठळी होते. म्हणून शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये तपासणी असते. चुकलेल्या घडीला पुन्हा संधी मिळते. तरीही जमलं नाही तर तिच्यावर खूण करून तिचे तुकडे करतात. मेंदूत ही तपासणी कमी पडली तर माणसाचे हात थरथरतात, कोणाला घरच्यांची नावं आठवत नाहीत.

आमच्याकडे मात्र तुकडे करणारं कोणी उरलं नाही. उजेड आरपार जावा म्हणून भिंगाच्या पेशींनी आतलं सगळं सामान कधीच टाकून दिलं. नवं प्रथिन येत नाही, जुनं जात नाही. मग एखादी घडी सुटायला लागली की मी तिला कुशीत घेते. सरळ करणं मला जमत नाही. मी तिला दुसरीला चिकटू देत नाही, इतकंच. आणि एकदा धरली की सोडत नाही.

वच्छलाबाईनं मला सुखानं बसू दिलं नाही. उन्हातान्हात कापूस वेचला, चुलीच्या धुरात भाकरी भाजल्या. ऊन आत शिरायचं आणि घड्या सुटायच्या. त्याच दिवसांत लेकरांच्या पाटीवर ती स्वतः अक्षरं शिकली. ‘क’ काढताना तिची जीभ बाहेर यायची. तो ‘क’ माझ्यातूनच आत गेला, याचा मला अजून ताठा आहे.

पुढे वर्षावासात बुद्धविहारात धम्माचा ग्रंथ वाचायचा मान तिला मिळाला. पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी गाव ऐकायला बसतं आणि आश्विन पौर्णिमेला समाप्ती होते. मजुरी करणाऱ्या बाईला ती जागा कोणी सहज दिली नव्हती.

यंदा आमचे हात भरले. मी आणि माझ्यासारख्या सगळ्याच घड्या धरून बसलेल्या, नव्यानं सुटलेलीला कुशीत जागा नाही. गुठळ्या झाल्या, उजेड विखरू लागला. बहिणीकडे तर माझ्याहून वाईट. एका अक्षराची दोन दिसू लागली. एका संध्याकाळी ‘मोह’ या शब्दाशेजारी सावलीचा एक काना उभा राहिला आणि वच्छलाबाईनं ठणठणीत आवाजात वाचलं, “मोहा सोडा.”

मागे बसलेले रामाजी, मोहाच्या दारूचे जुने भक्त, हळूच म्हणाले, “वच्छलाबाई, बाकी सांगा ते आयकतो. हे नाई होत आमच्यानं.”

विहार हसला. ऐकायला बसलेल्या बयनाबाईनं मात्र हसू ओसरल्यावर सुचवलं की समाप्तीचं वाचन वच्छलाबाईच्या सुनेला, प्रगतीला द्यावं; ती शाळेत मास्तरीण आहे, तिचे डोळेही चांगले आहेत. वच्छलाबाईनं ग्रंथ मिटला नाही. बोट त्याच ओळीवर ठेवून ती म्हणाली, “जागा मी सोडून नाई राह्यली. लिवून घ्या.”

घरी प्रगतीनं विचारलं, “मंग डोळे काऊन नाई दाखवत, आई?”

“अजून पिकला नाई मोतीबिंदू. माह्या मायले डॉक्टरनं सांगतलं होतं, पिकू द्या मंग काढू.”

इथं मला बोलता आलं असतं तर मी ओरडले असते. पिकतं ते सीताफळ. पिकलेलं गोड होतं, कामाला येतं. आम्ही पिकत नव्हतो, बाई. आम्ही ओझ्याखाली दबत होतो, आणि तू आढीतल्या फळासारखी आमची वाट पाहत होतीस!

शेवटी प्रगती तिला हट्टानं आदिलाबादला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तेच हिंदी-तेलुगू मिसळून समजावलं. पिकायची वाट पाहायचे दिवस गेले, उलट फार कडक झालं की काढायला त्रास. आधी उजवा करू, डावा नंतर. वच्छलाबाईनं एकच विचारलं, पौर्णिमेला वाचता येईल का. जपून, थोडं थोडं, असं उत्तर मिळालं, तशी ती ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन निजली.

उजव्या डोळ्यातली माझी बहीण त्या दुपारी गेली. भिंग फोडून ओढून घेतलं, जागेवर काचेसारखं स्वच्छ, नवं भिंग बसवलं. त्याला घडी नाही, सुटणं नाही. मी त्याच्यावर रुसलेली नाही. पण माझी बहीण हरली असं कोणी म्हणू नका. गेली तेव्हाही तिनं धरलेल्या घड्या तिच्या कुशीतच होत्या.

माझीही पाळी येईल. येऊ दे. मला पिकलेली म्हणू नका एवढंच मागणं आहे. आणि तुमच्या डोळ्यात माझ्या बहिणी बसल्या आहेत; उन्हात जाताना कपाळावर पदर थोडा पुढे ओढा, त्यांना तेवढाच आधार. मी शेवटपर्यंत एकही घडी सोडणार नाही.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली. प्रगतीनं पिशवीतून ग्रंथ काढला, वच्छलाबाईनं जुना चष्मा नाकावर ठेवला, डावा डोळा, म्हणजे मला, तळहातानं झाकला आणि वाचलं, “मोह.”