करंगळीची वाट

दात ठणठणीत असताना मास्तरांनी मुलीच्या दवाखान्यात दात दाखवायची वेळ घेतली. सरळ फोन करून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही, कणा ताठ ना! पन्नास वर्षं चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, वाजवला, शेकडो पोरांना शिकवला, आणि आता पोटच्या पोरीकडे शिकायला जायचं म्हणजे अडला हरी.

ती दातांची डॉक्टर झाली तेव्हा हेच म्हणाले होते, "दात कोरून कुणाचं पोट भरलंय का?" तिचं उत्तम भरलं. बाहेरच्या बाकावर आठ माणसं बसली होती आणि त्यांत मास्तरही आपला नंबर धरून होते.

अडचण अशी, की पुढच्या महिन्यात त्यांचा निरोपाचा कार्यक्रम होता आणि करंगळी दगा देत होती. ज्या रचनेने त्यांचं नाव झालं, तिच्यात एका जागी तर्जनी इथे अन् करंगळी पार तिकडे, असा पंजा ताणावा लागतो. आता ताणला की करंगळी उठायचंच नाव घेत नसे. ती रचना वगळून निरोप घ्यायचा, म्हणजे मीठ नसलेलं जेवण.

दुसरी वाट होती. मुलीनेच शोधलेली, चौदाव्या वर्षी, आपल्या लहान हातासाठी. कोणत्या सुराला कोणतं बोट, ते आकडे नोटेशनवर पेन्सिलने लिहितात. तिने स्वतःचे लिहिले होते. मध्येच अंगठा तारेवर टेकवायचा, अशी काहीतरी युक्ती होती. वाजत होतं छान, आणि हे मास्तरांना तेव्हाही कळलं होतं, बरं का. तरी खोडरबर घेऊन त्यांनी ते सगळं खोडलं आणि आपले आकडे घातले. "पळवाटा शोधू नकोस," म्हणाले. वर्षभरात पोरीने चेलो सोडला. आता पंधरा दिवस डोकं खाजवूनही मास्तरांना ती युक्ती सापडत नव्हती.

नंबर आला. "आ करा," ती म्हणाली आणि सगळी बत्तिशी तपासून झाल्यावर दिवा बाजूला सारून म्हणाली, "दातांना काही झालेलं नाही. कशासाठी आलात, बाबा?"

मास्तरांनी करंगळी पुढे केली आणि सगळं सांगितलं.

तिने हातमोजे काढून करंगळी वाकवून पाहिली. "नाही आठवत."

"जरा आठवून बघ ना."

"कुठून आठवणार? तुम्ही खोडलंत, मग वर्षभर मी तुमच्यासारखाच हात ताणून वाजवलं. मनगट सुजायचं. शाळेत पेन धरवत नव्हतं. तुम्हाला सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं खरं. दुखल्याशिवाय हात तयार होत नाही, असं उत्तरही आपण दिलं होतं.

"मी सोडला नाही, बाबा. तो सुटला. तुम्ही मात्र गावभर सांगत सुटलात, पोरगी आळशी निघाली म्हणून."

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले.

ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. पण तिने शांतपणे खोक्यातून नवे हातमोजे काढले. "मग आता हेही सगळ्यांना सांगा," ती म्हणाली आणि दार उघडून तिने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

सांगायलाच हवं होतं. जिना उतरता उतरता मास्तर एकेकाला आठवू लागले. वाद्यवृंदातले सोबती, शिष्य, शेजारपाजारचे. निरोपाच्या दिवशी ही सगळी मंडळी समोरच असतील, न वाजवता नुसतं उभं राहून सांगता येईल. लाज वाटेल, वाटू दे.

पण पोरगी आळशी निघाली, हे सगळ्यात आधी त्यांनी सांगितलं होतं ते तिच्या आईला, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. तिने नवऱ्याचा शब्द खरा मानला. शेवटच्या आजारपणात मुलगी उशाशी बसलेली असतानाही ती म्हणायची, "बाबांच्या मेहनतीचं चीज केलं नाहीस गं." मुलगी ऐकून घ्यायची आणि मास्तर तिथेच खुर्चीत बसलेले असायचे. आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.