चांगला दोर

नवरा गेल्यावर तिच्या घरात सगळ्यात जास्त फेऱ्या झाल्या त्या सरड्याच्या. उंच इमारतींना बाहेरून रंग देणाऱ्यांमध्ये तो भिंतीला असा चिकटून राहायचा की त्याला हे नाव पडलं. ते ठेवलं होतं तिच्या नवऱ्यानेच. दोघांची जोडी होती. गच्चीवरून शेजारी शेजारी दोन दोर सोडायचे, दोरांना बसायच्या फळ्या, फळ्यांना रंगाचे डबे. त्या सकाळी एक दोर तुटला. दुसऱ्या दोरावर सरडा होता.

ठेकेदाराने हात झटकले. रंगारी आपापले दोर घरून आणतात, यानेही आणला, जुनाट निघाला, त्यात आमचा काय दोष, असं त्याने लिहून दिलं. तिच्या घरात दोर म्हणून काय होतं, तर कपडे वाळत घालायची प्लास्टिकची दोरी. तिने भरपाईचा दावा लावला.

वकीलबाई मोजकं बोलायच्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुमचा साक्षीदार आता ठेकेदाराचा मुकादम झालाय, हे माहीत आहे ना?"

तिला माहीत नव्हतं. आदल्याच संध्याकाळी सरडा घरी येऊन गळका नळ दुरुस्त करून गेला होता. सासूबाईंशी तासभर बोलत बसला होता. मुकादमकीचं अवाक्षर काढलं नव्हतं.

तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. आधी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. तो आला की भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून बसायचा. चहा घेताना कप दोन्ही हातांनी धरायचा. आणि फिरून फिरून एकच विचारायचा, वकीलबाई काय म्हणाल्या, समोरचा वकील कोर्टात काय काय विचारू शकतो. याला कशाला हव्यात या चौकश्या? तिने केसची फाइल कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली. तो आला की सासूबाईंच्या पुढ्यात केसचा विषयच काढायची नाही.

सासूबाईंना ते पटत नव्हतं. "देवमाणूस आहे ग तो," त्या म्हणायच्या. "सख्खा असता तर एवढं केलं नसतं."

"सख्खा नाही म्हणूनच विचारतेय, एवढं का करतो?"

सासूबाई रागाने आत निघून गेल्या.

एकदा ती काम करायची त्या शिलाईच्या दुकानातून घरी निघाली होती. समोरच्या कोपऱ्यावर ठेकेदाराची गाडी थांबली आणि पुढच्या दारातून सरडा उतरला. ठेकेदाराने काच खाली करून त्याच्या खांद्यावर थोपटलं. ती एका दुकानाच्या पायरीवर तशीच उभी राहिली. सरडा तिच्या घराच्या दिशेने निघाला होता, हातात फळांची पिशवी. तिने वाट बदलली आणि थेट वकीलबाईंचं ऑफिस गाठलं. याची साक्ष नको, म्हणाली, हा आयत्या वेळी रंग बदलणार.

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्याच्याशिवाय आपल्या हातात काही नाही. बुडत्याने काडीची जात विचारू नये."

साक्षीच्या दिवशी सरडा इस्त्रीचा शर्ट घालून आला. ठेकेदार पहिल्याच बाकावर होता. आत जाताना सरड्याने त्याला मान लववून नमस्कार केला. ते तिने पाहिलं आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. संपलं सगळं, तिला वाटलं.

पण सरडा बोलला ते वेगळंच. दोर ठेकेदाराच्या गोदामातले. दोन्ही तिथूनच मिळाले. एकाचे पीळ मध्यावर उसवले होते, ते आपण आदल्या दिवशी ठेकेदाराला दाखवलं. एवढी भिंत उरका, मग नवे आणू, असं उत्तर मिळालं. तो सगळं एका सुरात, जमिनीकडे बघत सांगत होता. ठेकेदाराची मान हळूहळू त्याच्याकडे वळली.

ठेकेदाराचा वकील उठला. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. दोर खराब आहे हे माहीत असूनही तुम्ही वर गेलात, हे कुणाला पटेल, असं त्याने विचारलं.

"मी खराब दोरावर गेलो नाही," सरडा म्हणाला. "चांगला दोर मी घेतला."

"आणि दुसरा?"

"तो त्याच्या वाट्याला आला."

"त्याला सांगितलं होतं?"

"नाही."

न्यायाधीशांनी उत्तर पुन्हा द्यायला लावलं. त्याने दिलं. तिने वकीलबाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून लिहीत होत्या, हात क्षणभरही थांबला नव्हता. दावा जिंकला जाणार हे तिला तेव्हाच कळलं. हा माणूस इतके दिवस कुठल्या प्रश्नाला घाबरत होता, तेही कळलं. ती पैसे खाल्ल्याचा वास शोधत बसली होती. भलत्याच दारात.

बाहेर जिन्यापाशी तो थांबला होता. मुकादमकी गेल्यातच जमा होती. "वहिनी," एवढंच म्हणाला.

"ह्यांना कळलं होतं का?" तिने विचारलं.

तो कठड्याला टेकला. मग म्हणाला, "फळी बांधताना त्यानं दोरावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं. आणि बसला."

"काही बोलले नाहीत?"

"नाही."

"आता घरी येऊ नका, भावजी," ती म्हणाली आणि जिना उतरली.

निकाल तिच्या बाजूने लागला. ठेकेदाराने वरच्या कोर्टात जाण्याची भाषा केली, पण शेवटी भरपाई मुकाट्याने भरली. सासूबाईंना तिने साक्षीतलं सगळं सांगितलं, जिन्यावरचं मात्र नाही. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. पुन्हा त्यांनी सरड्याचं नाव काढलं नाही.

पुढे एका दुपारी तो तिला दिसला. एका दुकानाच्या शटरला रंग देत होता, जमिनीवर उभा राहून. तिला बघून त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. ती थांबली. नवऱ्याने खरंच तसं बघितलं होतं की याने स्वतःचं ओझं हलकं करायला जिन्यावर ते रचलं, हे तिला विचारायचं होतं. नवऱ्याचा स्वभाव आठवला की ते खरं वाटायचं. सरड्याचा कोर्टातला सूर आठवला तरी खरं वाटायचं. मग तिला दोघांचाही राग यायचा, आणि नंतर वाटायचं, छे, हे खोटंच.

त्याने हो म्हटलं असतं तरी तिने त्याचे डोळे तपासले असते, नाही म्हटलं असतं तरी तेच.

"शटरला दोन हात द्या," ती म्हणाली, "एकाने गंज झाकत नाही." आणि ती आपल्या शिलाईच्या दुकानाच्या वाटेला लागली.