चौथी फ्लॉपी

ल्युबेन गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे मृताच्या नावाने गोड गहू वाटून झाल्यावर त्याची बायको राद्का हिने फ्लॉप्यांचा डबा आमच्यापुढे ठेवला. "घशाच्या ऑपरेशनआधीचा त्याचा आवाज आहे यात. मला ऐकवा."

फाइली दाबून लहान करायच्या आणि तुकडे पाडून फ्लॉप्यांवर भरायच्या, हे प्लोवदिवमध्ये आम्ही तिघं तरुणपणी करायचो. त्यासाठीच्या प्रोग्रामांत मी 'रार'वाला, ओग्न्यान 'एआरजे'वाला. ल्युबेन माझं ऐकायचा.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये एकेक घालत गेलो; चौथी फ्लॉपी कुरकुरली आणि बंद पडली. आवाज तिच्या पुढच्या तुकड्यांत होता.

ओग्न्यान उसळला. "सगळ्याचा एकच गोळा केलाय गाढवाने! एक तुकडा गेला की पुढचं सगळं मातीत. माझ्या एआरजेत एखादीच फाइल गेली असती."

"आणि तुझ्या एआरजेला लागल्या असत्या त्या जास्तीच्या फ्लॉप्या काय तुझा बाप देणार होता?" मी म्हणालो.

मग आम्ही सुटलोच. कोणाचं जलद, कोणाचं लहान. कित्येक वर्षांनी इतकं भांडलो, हसलोसुद्धा.

राद्काने एकेक फ्लॉपी डब्यात परत ठेवली. "झालं तुमचं? मग आवाज कसा होता, ते तरी सांगा. मला आठवत नाही."

त्या प्रोग्रामांच्या सगळ्या आज्ञा आम्हाला तोंडपाठ होत्या. आवाज दोघांनाही आठवेना.