अलहंब्राच्या दारातली पंगत

रविवारी भरदुपारी पडदे ओढून नंदूच्या कॉव्हेंट्रीच्या घरात अख्खं मंडळ टीव्हीसमोर कोंबलं होतं, आणि पुरुषोत्तमला त्या सगळ्यांची किळस आली होती. मंडळाच्या स्पेन ट्रिपचे फोटो चालले होते. फोटो कसले, दातांचं प्रदर्शन नुसतं. सेव्हिलचं कॅथेड्रल नंदूच्या टोपीमागे, कोर्दोबाची मशीद राजीवच्या पोटाआड. शेकडो वर्षं उभ्या असलेल्या इमारती काय ह्यांना पाठ टेकायला बांधल्या होत्या?

"काय धमाल केली ना आपण," नंदू रिमोट दाबत म्हणाला. "आठवड्यात सहा शहरं उरकली."

उरकली म्हणे. पुरुषोत्तमने शेजारी बघितलं. त्याची बायको सुचेता खुर्चीच्या टोकाशी सरकून, मान तिरकी करून बसली होती. हल्ली ती सगळंच तिरकं बघायची. दोन्ही डोळ्यांना मधलं धूसर झालं होतं, कडेकडेचं काय ते दिसायचं. आय क्लिनिकच्या डॉक्टरने सांगितलं होतं, जे बघायचंय ते ह्या वर्षात बघून घ्या. जन्मभर कशिदा काढलेली बाई, तिला फार विचार करावा लागला नाही. "अहो, मला अलहंब्रा बघायचंय," ती म्हणाली. "राजवाड्याच्या भिंतींवरची ती नक्षी. एकदाच, पण जवळून." मंडळात ह्यातलं कोणालाच ठाऊक नव्हतं. सुचेताला कीव नको होती.

आणि तिथे जाऊन काय केलं? आतल्या राजवाड्याची तिकिटं दीडची होती. अर्ध्या तासात आत शिरलं नाही की तिकीट वाया, हे नंदूला पक्कं माहीत होतं. पण परदेशात आलो म्हणून मराठी माणूस सँडविचवर भागवतो की काय? मालागाला उतरल्या उतरल्या शेगडी आणि कढई विकत घेऊन झाली होती, श्रीखंडाचे डबे लेस्टरहून बरोबर आणले होते. अलहंब्राच्या कार पार्कमध्ये रीतसर पंगत बसली. आधी पुरुषांची, मग बायकांची. झाडाखाली तळणाचा धूर, येणारेजाणारे नाकाला रुमाल लावून बघतायत, आणि ह्यांचा आग्रह काही संपेना.

सुचेता पुऱ्या लाटत होती, कडा बोटांनी चाचपत. एकदा तिने मान वर करून विचारलं, "अहो, आपण दोघं पुढे होऊ या का?"

तोंडात घास होता पुरुषोत्तमच्या. "सगळ्यांना सोडून?" तो म्हणाला. "बरं नाही दिसत ते."

बायका जेवून उठल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. दारावरच्या बाईने नुसती नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवसाची तिकिटं केव्हाच संपलेली, आणि संध्याकाळी बस पुढच्या गावाला. "जाऊ दे रे," नंदू म्हणाला, "आतून काय नि बाहेरून काय, दगडच ते." मग एका जुन्या दरवाज्यासमोर सगळ्यांचा फोटो काढला आणि झालं.

बरं नाही दिसत! त्या श्रीखंडाचा आंबूस वास अजून पुरुषोत्तमच्या नाकातून जात नव्हता. नंदूचा संताप होताच, पण खरी किळस स्वतःचीच येत होती. बायकोचे डोळे चालले होते आणि ह्या गृहस्थाला लोकांना काय दिसेल ह्याची पडली होती.

"आणि हे आपलं अलहंब्रा!" नंदूने जाहीर केलं. टाळ्या पडल्या. टीव्हीभर माणसंच माणसं, मधोमध नंदूची बायको शैला, आत्ता अंगात होता तोच पिवळा कार्डिगन घालून, हात पसरून उभी. तिच्या मागे कमानीवरच्या कोरीवकामाचा जरासा तुकडा.

सुचेता उठली. टीव्हीच्या अगदी जवळ गेली. मान आधी डावीकडे कलती केली, मग उजवीकडे.

"शैला," ती हळूच म्हणाली, "जरा बाजूला सरकतेस का गं? मागचं दिसत नाहीये."

शैला मागे सोफ्यावर बसली होती. क्षणभर कोणाला काही कळेना, मग घर हसण्याने दणाणलं. राजीवने मांडीवर थाप मारली. "काय टोमणा मारलास गं मला," शैला सोफ्यावरून म्हणाली.

आवाज आला तिकडे सुचेताने वळून बघितलं, मग परत टीव्हीकडे. हात पुढे करून तिने काचेवरच्या त्या पिवळ्या कार्डिगनला बोट लावून पाहिलं. आणि सगळ्यांचं हसून होत आलं, तेव्हा तीही हसली.