राणीचं उष्टं

रुख्मिणीच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी, मुंग्यांच्या दोन काचपेट्या होत्या. धाकटा दीर गिरिधर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि मुंग्यांवरच पीएच.डी. करत होता, आणि प्रताप नगरातल्या त्या दोन खोल्यांत गारव्याची जागा ती फळी तेवढीच. जन्मभर मुंग्यांपासून साखर लपवली, आता त्यांनाच चारायची, हे तिचं तिलाच हसू येई.

एका पेटीत राणी होती. दुसरीतली त्यानं काढून घेतली होती. त्याचं म्हणणं असं, की अंडी घालायची विद्या प्रत्येक कामकरी मुंगीच्या जीनमध्ये जन्मतः लिहिलेली असते. राणी असली की ते लिखाण निजून राहतं, गेली की जागं होतं. पण महिने लोटले तरी बिनराणीच्या पेटीत अंडं दिसेना. दिवाळीपर्यंत दिसलं नाही तर विषय सोडा, असं त्याच्या पीएच.डी.च्या सरांनी सांगितलं होतं. गिरिधरचं जेवण सुटलं.

एका सकाळी तो वहिनीचं चारणं बघत उभा राहिला. साखरपाण्याचा कापूस तिनं आधी राणीच्या पेटीत ठेवला. त्यांचं चाटून झालं की तोच चिमट्यानं उचलून दुसरीत टाकला.

"वहिनी, तोच कापूस काहून टाकून राहिल्या?"

"पहिला मान राणीचा. मंग तिचा प्रसाद या पोरक्यायले. रोजचंच आहे ते."

त्यानं वाकून कापसाकडे पाहिलं. राणीचा वास कापसाला लागतो, म्हणाला. या बिचाऱ्यांना वाटलं राणी घरातच आहे.

"म्हणजे सासू लागतच नाही," ती म्हणाली, "तिच्या लुगड्याचा वासही पुरते."

तो हसला. तिला मात्र पुढं हसवेना. सासूबाई जाऊन वर्षं झाली होती, तरी ओट्याजवळ कुणाच्या पायात चप्पल दिसली की तिच्या तोंडून अजून सासूबाईंचाच आवाज निघे.

दुसऱ्या दिवसापासून कापूस वेगळे झाले.

दसरा होऊन गेला. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिचं लक्ष गेलं. बिनराणीच्या पेटीत एक कामकरीण पोट वाकवून थबकली होती. इतके दिवस माशीचे पंख ओढणारी, बाकीच्यांसारखीच एक. तिच्या मागं पांढरा कण पडला, तांदळाच्या कणीहून बारीक. दुसरीनं येऊन तो हलकेच तोंडात उचलला.

रुख्मिणी सूप धरून तशीच उभी राहिली. एवढ्याशा अंगात एवढं मोठं काही निजलेलं होतं, आणि ते नुसत्या वासानं.

गिरिधर आला. तिनं बोटानं दाखवलं. तो सरळ फळीपाशी गेला आणि काचेला नाक लावून बघत राहिला, चपलांसकट. तिनं चपलांकडे एकदा पाहिलं आणि सूप घेऊन पुन्हा तांदूळ निवडायला बसली.