भिवाजीचा घसा

कासार आंबोलीच्या वरच्या वाडीत इर्जिकीचा कायदा असा होता, की ज्याला गरज त्यानं तोंड उघडायचं नाही. कुणाच्या घरी माणूस आजारी पडलं आणि भाताची लावणी अडली, की त्याच्या बांधाला ज्याचा बांध लागतो त्या शेजाऱ्यानं मारुतीच्या पारावर उभं राहून हाळी द्यायची. मग सकाळी घरटी एक माणूस आणि असतील नसतील ते बैल त्या खाचरात हजर. संध्याकाळी सगळ्यांना डाळभात, की झालं. मागणाऱ्याची मान खाली जायची नाही आणि देणाऱ्याला मिरवता यायचं नाही. मात्र शेजाऱ्यानं हाळी दिल्याशिवाय कुणी जायचं नाही. न बोलावता गेलं तर त्या घराला भिकेला लावल्यासारखं होई. कायदा शहाण्या लोकांनी केलेला. शेजारी हाळी देणारच, हे त्यांनी धरून चाललेलं, एवढंच काय ते चुकलं.

गेल्या आषाढात कुशाबा विषमज्वरानं अंथरुणाला खिळला. तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावणीला आलेला, आणि बायको रत्नाबाई नवऱ्याच्या उशाशी. शेजारी भिवाजी, म्हणजे हाळी त्याची. पण पावसानं ओढ दिली होती. ओढ्याला पाणी होतं ते जेमतेम दोन दिवसांचं. इर्जिक म्हणजे भिवाजीचेही बैल कुशाबाच्या खाचरात, आणि पाणीही तिकडंच. भिवाजीच्या मनानं म्हटलं, आज आपलं उरकू, हाळी उद्या देऊ. मनाला काय, ते आपल्याच घरचं खातं.

संध्याकाळी हैबतराव पाटलांनी विचारलं, "भिवा, कुशाबाचं काय रं?" भिवाजीनं गळ्याला फडकं गुंडाळलेलंच होतं. घशाला हात लावून त्यानं मान हलवली आणि हातानंच 'उद्या' म्हणून खूण केली. खोटं बोलायला आवाज लागत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. ज्याला त्याला आपापली लावणी होती. कुणी फार खोदून विचारलं नाही.

दिवेलागणीला रत्नाबाई अडुळशाचा काढा घेऊन त्याच्या दारात आली. तांब्या पुढं केला आणि तशीच उभी राहिली. भिवाजीनं काढा प्याला. तिच्याकडं न बघता त्यानं रिकामा तांब्या परत केला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपलं खालचं खाचर लावून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत ओढा आटला. पाऊस आला तो कुशाबाचा तरवा पिवळा पडल्यावर.

त्या साली कुशाबाच्या भातात निम्मा पळंज निघाला, दाण्याविना नुसती फोलं. घरात दाणा पुरेना, म्हणून अंगात ताकद नसताना तो पुण्याला गेला, भुसार बाजारात पोती वाहिली आणि शिमग्याला खोकत परत आला. आता नांगराला हात लावायचा नाही, असं वैद्यानं बजावलं. तेव्हापासून तो ओट्यावर बसून असे. आणि माणूस इतका सरळ, की भिवाजी दिसला रे दिसला की हटकून विचारी, "भिवा, घसा कसा हाय रं आता? जप बाबा." भिवाजी मेल्याहून मेला होई. शेवटी तो ओढ्याकडून लांबचा वळसा घालून शेतावर जाऊ लागला.

यंदा ज्येष्ठात विकास गटाचा ग्रामसेवक वाडीत आला. नवा होता, पण ऐकून घेणारा. पारावर बसून म्हणाला, "तुमची इर्जिक चांगली चालते, आम्ही तिच्यात हात घालत नाही. गट तुम्हाला फावडी, घमेली आणि एक लोखंडी नांगर देईल, कारभार तुमचाच. फक्त हाळी द्यायला एक माणूस नेमा. शेजारी एखाद्या वेळी आजारी पडतो."

"खरं हाय," पाटील म्हणाले. "मागल्या साली भिवाचा घसा बसला आन् कुशाबाचं वाटुळं झालं."

भिवाजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. तेवढ्यात बायकांतून रत्नाबाईचा आवाज आला, "भिवाजी भावजींचं नाव घाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भिवाजीला उठून नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की का, ते सांगावं लागणार. तो बसूनच राहिला.

लोक पांगल्यावर त्यानं तिला विहिरीवर गाठलं. "वैनी, माझं नाव का घेतलं? तुमाला ठावं न्हाई..."

"ठावं हाय," ती घागर घासता घासता म्हणाली. "त्या दिवशी तुमी बैलांवर वरडत व्हता. मी ह्यांच्या कपाळावर पाण्याची घडी ठिवत व्हते. समदं ऐकू येत व्हतं."

"मग काढा कशापायी आणला?"

"त्यो प्याल्यावर तरी बोलाल म्हनलं. अजून एका दिवसाचं पानी व्हतं."

भिवाजीनं वळून कुशाबाच्या घराकडं बघितलं.

"ह्यांना सांगितलं न्हाई मी. तुमाला पाठचा भाऊ समजत्यात." तिनं घागर कमरेवर घेतली. "ह्या कामाला दुसरं कुनी नेमलं तर त्यो एखाद्या दिशी गप बसंल. तुमाला न्हाई बसता यायचं आता."

आषाढात तरवा लावणीला आला. भिवाजीच्या स्वतःच्या खाचरात अजून नांगर फिरला नव्हता. तिन्हीसांजेला तो पारावर चढला आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशी हाळी दिली, "उद्या कुशाबाच्या खाचरात इर्जिक हो!"

ओट्यावर कुशाबानं मांडीवर थाप मारली. "रत्ने, ऐकलंस का? भिवाचा घसा सुटला गं!"

त्यानं शिवी दिली असती तर भिवाजीनं ती सोसली असती. हाळी एकदाच द्यायची रीत; तरी भिवाजीनं पुन्हा तोंडाशी हात धरले आणि दुसऱ्यांदा कुशाबाचं नाव घ्यायला लागला. या वेळी मात्र त्याचा घसा खरोखरच बसला.